व्यवस्थापकाची हयगय आणि घरमालकाचे कायदेशीर उपाय

परगावी अथवा परदेशी राहणारा घरमालक आपल्या मिळकतीची देखभाल, भाडेवसुली व करभरणा ही कामे पुष्कळदा मोबदला देऊन दुसऱ्यावर सोपवितो. करारपत्रात अशा व्यक्तीस व्यवस्थापक, मुखत्यार अथवा कारभारी यांपैकी कोणतेही नाव दिलेले असो. मालकाच्या वतीने ती भाडेकरूंशी व्यवहार करीत असल्यास कायद्याच्या दृष्टीने ती मालकाची प्रतिनिधी होय. या संबंधाचे नियम भारतीय करार कायदा, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात आहेत.

प्रतिनिधीच्या हयगयीचा भार प्रथम मालकावरच पडतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या जागांस लागू आहे, तेथे कलम १४ अन्वये घर सुस्थितीत ठेवण्यास घरमालक बांधलेला असतो. नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून घेऊन ठराविक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारीही कलम ५५ने घरमालकावरच टाकली आहे. व्यवस्थापकाकडे बोट दाखवून मालकाची यांतून सुटका होत नाही. झालेले नुकसान मागाहून व्यवस्थापकाकडून भरून घेणे, एवढाच मार्ग उरतो.

त्यासाठी करार कायद्यातील तीन कलमे उपयोगी पडतात. कलम २१२ अन्वये प्रतिनिधीने त्या धंद्यात सामान्यतः अपेक्षित असलेले कौशल्य व वाजवी दक्षता दाखविली पाहिजे. हयगयीच्या प्रत्यक्ष परिणामांची भरपाई त्याने द्यावयाची असते. कलम २१३ अन्वये मागणी होताच हिशेब देणे त्यास भाग आहे. कामात गैरवर्तन केल्यास तेवढ्या भागाचा मोबदला त्यास कलम २२० मुळे मिळत नाही. म्हणून प्रत्येक कसूर तारीखवार नमूद करून हिशेबाची लेखी मागणी करणे, ही पहिली पायरी होय.

दुसरा उपाय अधिकार काढून घेण्याचा. मुदतीचा करार पुरेशा कारणावाचून मोडल्यास उलट मालकासच भरपाई द्यावी लागते (कलम २०५). म्हणून हयगयीचा पुरावा आधी जमविलेला बरा. व्यवस्थापकाने मालकास कर्ज देऊन ते भाड्यातून फेडून घेण्याचा अधिकार मिळविला असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्याच्या हितास बाध येईल अशा रीतीने तो अधिकार संपविता येत नाही (कलम २०२). शिवाय कलम २०८ प्रमाणे अधिकार संपल्याचा परिणाम तिऱ्हाइताच्या बाबतीत त्यास ते कळल्यावरच होतो. भाडेकरूस खबर नसेल, तर त्याने जुन्या व्यवस्थापकाकडे भरलेले भाडे मालकासच पोचले असे धरले जाण्याचा संभव असतो. तेव्हा नोटीस दोघांनाही धाडावी.

तिसरा उपाय दिवाणी दाव्याचा. मुदत कायदा, १९६३ अन्वये हयगयीबद्दलचा दावा ती मालकास कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे. फौजदारी मार्ग मात्र निव्वळ आळसास लागू होत नाही. भाड्याची रक्कम अप्रामाणिकपणे गिळंकृत केली असेल, तरच १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील विश्वासघाताचा प्रश्न उद्भवतो.

सारांश, मालकाने अधिकार दुसऱ्यास दिला तरी दायित्व त्याच्याकडेच राहते. आणि हयगय कळल्यानंतरचे मौन त्यासच महाग पडते.