नारळ उभा राहतो तेव्हा

उन्हाळा चढला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. सांगोला, मंगळवेढा, करमाळा, दक्षिण सोलापूर, सगळीकडे. मात्र गाडी यायच्या आधी शेतात दुसरंच कुणीतरी येऊन गेलेलं असतं. तो पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून, शेंडी पुढे करून तो बांधाबांधाने चालतो. एका जागी नारळ उभा राहतो. कुणी उंबराची बेचक्याची फांदी धरतो, कुणी तांब्याच्या तारा. तो पायाळू असेल तर विचारायलाच नको. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचं दिसतं, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मग निकाल लागतो: "दोनशे फुटांवर दोन इंची पाणी." तिथे दगड रोवला जातो, हळदीकुंकू वाहिलं जातं.

या प्रकाराला हसणं सोपं आहे. पण पाणाड्याच्या मागून चालणाऱ्यांत शेतकी पदवी घेतलेला मुलगाही असतो, आणि दगड कुठे रोवला त्याचा फोटो तोच काढतो. अडाणीपणा म्हणून विषय संपवता येत नाही तो यामुळेच.

आधी हाताचं बघू. पाणाडे सहसा ढोंग करत नाहीत. नारळ आपण हलवला नाही, हे ते शपथेवर सांगतील आणि ते खरंही असेल. १८५०च्या दशकात युरोपात प्रेतात्म्यांची टेबलं फिरवण्याची लाट आली होती. माणसं टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल सरकू लागे. १८५३ साली मायकेल फॅरडेने, विजेवरच्या प्रयोगांसाठी आपण ज्याला ओळखतो त्यानेच, हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लेपाने जोडून ठेवले. वरचे थर टेबलाच्या पुढे सरकलेले निघाले. म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हात टेबलाला ढकलत होते आणि हातांच्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे त्याने हाताची हालचाल दाखवणारी एक काडी बसवली. ती काडी बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर आली, तशी टेबलं फिरायची थांबली. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम कार्पेंटर या डॉक्टरने या न कळत होणाऱ्या हालचालींचं वर्णन केलं होतं: मनात अपेक्षा आली की स्नायू तिला होकार देतात. ताणून धरलेली फांदी किंवा तळहातावर तोललेला नारळ मुळातच डळमळीत असतो. मनगट जरासं कललं तरी पुरतं.

आता अपेक्षा कुठून येते? जाणता पाणाडी जमीन वाचत असतो. उतार कुठे मिळतो, ओढा कसा वळतो, उन्हाळ्यातही कुठलं झाड हिरवं राहतं, शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी कुठल्या अंगाने येतं, हे त्याच्या डोक्यात असतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय आहे. त्यात झाडं, वारुळं, मातीचा रंग अशा खुणा सांगितल्या आहेत. त्यातल्या सगळ्या खऱ्या नाहीत, पण ओल धरणाऱ्या झाडाखाली पाणी असावं हा तर्क शहाणपणाचा आहे. तेव्हा पाणाड्याकडे काहीच ज्ञान नसतं असं मी म्हणणार नाही. ते ज्ञान नारळात नसतं, एवढंच.

हे कसं कळलं? तपासून. १९८७-८८मध्ये म्युनिकजवळ जर्मन सरकारच्या पैशाने मोठा प्रयोग झाला. शेकडो पाणाड्यांतून ४३ जण निवडले. एका दुमजली कोठारात तळमजल्यावर वाहत्या पाण्याची नळी दर वेळी नव्या जागी सरकवायची आणि वरच्या मजल्यावर चालणाऱ्याने तिची जागा ओळखायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. संशोधकांनी जाहीर केलं की थोड्या जणांना विद्या खरोखर अवगत आहे. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा चाळली. एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेरीत चाचपडताना दिसला. पुष्कळ लोकांनी पुष्कळ वेळा अंदाज केले की काही जुळतातच, तेवढेच इथेही जुळले होते.

मग गावात पाणाड्याचं बरोबर का येतं? याचं उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसॉल्टने, बनलेला आहे. सोलापूर त्यातच येतं. जमिनीखाली नदी वाहत नसते, आणि काशीहून आलेली धारही नसते. मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात, काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात पाणी मुरून बसलेलं असतं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खोदलं तर थोडंफार पाणी लागतंच. नारळ ठेवून मारा किंवा डोळे मिटून मारा.

खरी गोम पुढे आहे. जिथे नारळ आडवाच राहिला, तिथे कोणीही बोअर मारत नाही. तिथे पाणी असतं का, हे कधीच कळत नाही. 'हो' म्हटलेल्या जागी पाणी लागलं तर पंचक्रोशीत नाव होतं. फुफाटाच उडाला तर "धार चार फूट बाजूला सरकली" किंवा "अजून पन्नास फूट जायला हवं होतं" म्हणून ते विसरलं जातं. बोअरवाल्याला पैसे फुटावर मिळतात, त्यामुळे त्याचीही तक्रार नसते.

याच सोलापुरात उलट पद्धतीचं काम झालं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापुरातून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. योग्य वाटलेले २७६ ढग निवडले, पण सगळ्यांवर फवारणी केली नाही. कुठल्या ढगावर करायची हे नशिबावर सोडलं आणि न फवारलेल्या ढगांचीही तितक्याच काळजीने नोंद ठेवली. पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचं त्यांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलं. आकडा नेत्यांच्या भाषणात शोभेल असा नाही. पण तो खरा मानायला आधार आहे आणि तो आधार न फवारलेल्या ढगांनी दिलेला आहे.

हे सगळं पाणाड्याला बोलावणाऱ्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो ऐकून घेईल आणि तरीही बोलावेल. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॉब्रियंड बेटांवर पाहिलं होतं: शांत खाजणात मासे धरताना तिथले कोळी मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात, जिथे जीवही जाऊ शकतो आणि जाळंही रिकामं येऊ शकतं, तिथे जाण्याआधी विधींची रांग लागे. आपल्याकडेही उजनीच्या कालव्याच्या पाण्यासाठी कोणी नारळ धरत नाही. पाळी कधी येणार ते पाटकऱ्याला विचारतात.

बोअर हा खुला समुद्र आहे. बायकोचं सोनं गहाण पडलेलं असतं, दुसरा डाव खेळायची ऐपत नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक किंवा विद्युतरोध मोजणारा खासगी जाणकार म्हणतो, "इथे शक्यता बरी आहे." पाणाड्या म्हणतो, "दोनशे फूट, दोन इंची." पहिलं वाक्य खरं आहे, पण त्या रात्री झोप दुसऱ्या वाक्यानेच लागते. शिवाय बोअर कोरडी गेली तर घरात दोष द्यायला एक बाहेरचा माणूस असतो. मला वाटतं, पाणाड्याची दक्षिणा मुख्यतः यासाठीच असते, आणि त्या हिशेबाने ती महाग नाही.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच दिलाशाची, जो पाणाड्याला न मानणारेही मानतात: खाली पाणी आहेच, फक्त सापडायला हवं, नाही सापडलं तर आणखी खोल जायचं. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल विहिरींवर बंधन आणलं. पाचशे फुटांच्या गप्पा मात्र चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येतात. झिजलेल्या बेसॉल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्के धरलं जातं. एका एकराखाली असा भिजलेला थर दहा मीटर जाडीचा आहे असं उदार मनाने मानलं, तर हाती येतं सुमारे आठ लाख लिटर. एकरभर उसाला वर्षाला साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे ऐंशी लाख लिटर. त्यातला काही वाटा पाऊस देतो, उरलेलं शेजाऱ्यांच्या रानाखालून ओढलं जातं. आणि त्या शेजाऱ्यांनीही बोअर मारलेली असते, पाणाड्याने दाखवलेल्या अगदी बरोबर जागी.