साडी शब्दांत दाखवायची कशी?

आज बोलायचंय ते अंध बाईच्या साडीबद्दल. घरात लग्न निघालं की सगळ्यांची खरेदी होते. तिच्यासाठी मात्र कुणीतरी म्हणतं, "तिला कुठं दिसतंय? कोणताही रंग चालेल." तिला दिसत नसलं तरी तिची आवड आहे, लग्नात चारचौघींत तिलाही मिरवायचंय. अडचण एवढीच, की साडी कशी आहे हे तिला कुणी नीट सांगत नाही.

दिसणारी गोष्ट ऐकणाऱ्याला कळेल अशी सांगणं, याला ध्वनिवर्णन म्हणतात. सिनेमात संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते सांगतात, तेच हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत अशी सोय व्हावी, ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. पण आपल्या बचत गटाच्या स्टॉलवर ती करायला कायद्याची वाट कशाला बघायची? रेडिओवर तर आपण रोज डोळ्यांचं काम कानांकडूनच करून घेतो.

वर्णनाला क्रम असावा. आधी प्रकार, लांबी आणि कापड. मग अंगाचा रंग, काठ, पदर. मग हाताला कशी लागते ते. शेवटी किंमत आणि धुण्याची पद्धत. आता इरकल घ्या: "ताई, ही सहावारी इरकल, सुती. अंग गर्द हिरवं, कच्च्या मिरचीसारखं. काठ लाल, चार बोटं रुंद. पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. अंगाला हात लावा, जरा भरड लागेल. आता पदर बघा, गुळगुळीत आहे." एवढं सांगायला अर्धा मिनिट पुरतो.

"छान आहे, तुम्हाला शोभेल" हे वर्णन नव्हे, ते आपलं मत झालं. तिनं विचारलं तर मत जरूर द्या, पण आधी माहिती द्या. कुठे डाग असेल, धागा निघाला असेल, तर तेही सांगा. दिसणारं गिऱ्हाईक ते स्वतः बघतं, हिला आपल्या शब्दावर विसंबावं लागतं.

आता रंगाचं. ज्यांची नजर मोठेपणी गेली, त्यांना रंग आठवतात. त्यांना हळदीचा पिवळा, जांभळाचा जांभळा असं सांगितलं की पुरे. जन्मापासून अंध असलेल्या बाईलाही रंग सांगायचाच. कोणता रंग सणाचा, कशावर काय खुलतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं असतं. आणि बोलताना तिच्याशीच बोला, सोबत आलेल्या माणसाशी नको.

घरी गेल्यावर साडी ओळखायची कशी? आतल्या कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी घाला: हिरवीला एक, लालला दोन. कोणती खूण कशाची, ते तिनंच ठरवावं. साडीचा ब्लाउज त्याच घडीत ठेवा.

गटाच्या व्हॉट्सॲपवर आपण साड्यांचे फोटो टाकतो. ॲन्ड्रॉइड फोनमधला टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण नुसत्या फोटोवरून काठ-पदर कळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहा किंवा आवाजात सांगून पाठवा. बी माय आईज नावाचं एक फुकट ॲप 2015 पासून आहे. त्यात अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते आणि दुसऱ्या टोकाचा स्वयंसेवक समोरचं बघून सांगतो, अगदी कपड्यांचा रंगसुद्धा.

पुढच्या बैठकीत गटातल्या पाच वस्तूंची वर्णनं तयार करा. गावातल्या अंध ताईला बोलवा, तिला ती ऐकवा आणि काय कळलं नाही ते विचारा. तिच्या वेळेचे पैसे गटातून द्या, कारण ती आपल्याला शिकवतेय. मग साडी तिची तिला निवडू द्या. तिनं भडक गुलाबी निवडली तर भडक गुलाबीच बांधून द्या.