लॅपटॉप हलका, बॅग जड

मुलांच्या दप्तराच्या वजनाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने तर पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये, असे स्पष्टच सांगितले आहे. त्याच मुलाचे आई किंवा वडील आठवड्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला आणि महिन्यातून एकदा बंगळूरुला किंवा दिल्लीला कामासाठी जातात, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेचे वजन मात्र कोणी करत नाही. विमानतळावर करतात, पण ते विमानाच्या काळजीपोटी, खांद्याच्या नव्हे.

सतत फिरतीवर असणाऱ्यांच्या तक्रारी बऱ्याचदा ठरावीक असतात. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी मान आखडते, एक खांदा ठणकतो, कधी बोटांना मुंग्या येतात. मग कोणी तरी सुचवते, ‘आता हलका लॅपटॉप घेऊन टाका.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. लॅपटॉप हलका झाला म्हणून बॅग हलकी होतेच असे नाही. आणि बॅग हलकी झाली तरी मान सुटतेच असे नाही.

अकरा किलोंपासून एका किलोपर्यंत

१९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑसबोर्न १’ नावाचा संगणक बाजारात आला. विमानात आसनाखाली मावेल असा हा संगणक ‘सोबत नेण्याजोगा’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन होते सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा आणि आत बॅटरी नाही. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखवला, तेव्हा वजन १.३६ किलोवर आले होते. आज १३-१४ इंचांचे, एक ते सव्वा किलोचे लॅपटॉप अनेक कंपन्या विकतात.

हा फरक पडला तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे. कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरमुळे मोठे पंखे नकोसे झाले. फिरत्या हार्ड डिस्कची जागा चिपच्या साठवणुकीने घेतली. आणि १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने थोड्या वजनात जास्त वीज साठवली. बाहेरच्या सांगाड्यासाठी मॅग्नेशियमचे मिश्रधातू किंवा कार्बन फायबर वापरले, की आणखी काही ग्रॅम कमी होतात.

बॅगेचा हिशेब

एका नेहमीच्या बॅगेचा हिशेब मांडून पाहू. जुना लॅपटॉप १ किलो ९०० ग्रॅम. त्याचा चार्जर तारेसह ४०० ग्रॅम. रिकामी बॅगच १ किलो १०० ग्रॅम. पाण्याने भरलेली एक लिटरची स्टीलची बाटली १ किलो ३०० ग्रॅम. पॉवर बँक ४००, फायली आणि डायरी ६००, डबा ५००, माऊस व केबल २०० ग्रॅम. बेरीज होते ६ किलो ४०० ग्रॅम.

आता मोठा खर्च करून १ किलो २०० ग्रॅमचा नवा लॅपटॉप घेतला, तर वाचतात ७०० ग्रॅम. म्हणजे एकूण ओझ्याच्या जेमतेम अकरा टक्के.

उरलेले वजन फार कमी पैशांत उतरते. बाटली रिकामी न्यावी आणि विमानतळावर तपासणीनंतर किंवा स्थानकावर भरून घ्यावी: एक किलो कमी. पाणी मात्र प्यावे. वजनाच्या भीतीने तहान मारू नये. बॅग ७०० ग्रॅमची घ्यावी: ४०० ग्रॅम कमी. लॅपटॉप टाइप-सी केबलने चार्ज होणारा असेल, तर गॅलियम नायट्राइडचा छोटा चार्जर घेता येतो. त्याचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते आणि तोच मोबाइललाही चालतो: पावणेतीनशे ग्रॅम कमी. पॉवर बँक घरी ठेवता आली तर आणखी ४००. हे सगळे मिळून दोन किलोंहून अधिक झाले, म्हणजे नव्या लॅपटॉपने वाचवलेल्या वजनाच्या जवळपास तिप्पट.

बॅटरीत कंजुषी नको

पॉवर बँक घरी ठेवता येईल का, हे ठरते लॅपटॉपच्या बॅटरीवर. जाहिरातीतल्या ‘अठरा तास’ या आकड्यापेक्षा बॅटरीची क्षमता किती वॅट-अवर आहे ते विचारावे. कागदपत्रे, ईमेल आणि तक्ते अशा कामाला हलका लॅपटॉप साधारण ८ वॅट खातो असे धरले, तर ४० वॅट-अवरची बॅटरी ५ तास आणि ५५ वॅट-अवरची जवळपास ७ तास चालेल. व्हिडिओ बैठका आणि पडद्याचा पूर्ण उजेड यांनी हे तास घटतात.

या दोन बॅटऱ्यांच्या वजनातला फरक साधारण पाऊणशे ते शंभर ग्रॅमचा असतो. तेवढे वजन वाचवण्यासाठी छोट्या बॅटरीचा लॅपटॉप घ्यायचा आणि मग ४०० ग्रॅमची पॉवर बँक खांद्यावर घ्यायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

पॉवर बँक न्यावीच लागली, तर विमान प्रवासाचा नियम लक्षात ठेवावा. ती हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इन सामानात नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते; १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते.

एका खांद्यावर का नको?

एका पट्ट्याची बॅग घसरू नये म्हणून आपण तो खांदा नकळत किंचित उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस स्नायू तेवढा वेळ आखडलेलाच राहतो. सतत आखडलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो दुखू लागतो. हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे गळ्याच्या हाडाखालून जाते. पट्ट्याचा दाब तिथे बराच काळ राहिला, तर हाताला मुंग्या येऊ शकतात.

म्हणून बॅग दोन पट्ट्यांची, पट्टे रुंद आणि दोन्ही खांद्यांवर. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा. जड वस्तू पाठीपासून जितकी दूर, तितकी ती मागे खेचते. चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर उत्तम. पण रेल्वेच्या पुलावर आणि आपल्या पदपथांवर ती शेवटी हातानेच उचलावी लागते.

मानेचे दुखणे वेगळे

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवले तर पडदा खाली जातो. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर टांगले जातात. लॅपटॉप एक किलोचा असो वा तीन, ही अडचण सुटत नाही. उलट पडदा लहान असला की माणूस अधिकच पुढे वाकतो.

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना मणके ते सहज पेलतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मान ६० अंशांत वाकवली, की मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. ही प्रत्यक्ष माणसांवर केलेली मोजणी नव्हे, संगणकी प्रारूपातला हिशेब आहे. पण वाकण्याबरोबर भार वाढतो, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून बॅगेतून वाचवलेल्या पावणेतीन किलोंपैकी अर्धा किलो मानेसाठी खर्च करावा. घडीचा स्टँड आणि छोटा वायरलेस कीबोर्ड मिळून एवढ्यात बसतात. हॉटेलच्या खोलीत दोन-तीन तास काम करायचे असेल, तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि कोपरे अंगालगत, काटकोनात राहतील अशी मांडणी करावी. बाहेरचा कीबोर्ड वापरणार नसाल, तर निदान बटणे पूर्ण आकाराची आहेत ना, हे दुकानात दहा मिनिटे टाइप करून पाहावे. पडदा चकाकणारा नसावा. खिडकीशेजारी त्यात आपलाच चेहरा दिसतो आणि माणूस मान वाकडी करून वाचू लागतो.

मांडीवर नको

पातळ लॅपटॉपची उष्णता तळाच्या पत्र्यातून बाहेर पडते. रोज तासन्‌तास मांडीवर ठेवला, तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडू शकतात. शेगडीजवळ शेकत बसणाऱ्यांच्या पायांवर आणि काश्मीरमध्ये कांगडी वापरणाऱ्यांच्या अंगावर डॉक्टरांनी हेच डाग पूर्वीपासून पाहिले आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये २९ निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात, पाय जुळवून तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेले आढळले. शुक्रजंतू तयार होण्यास थंडावा लागतो, हे मूल होण्याची वाट पाहणाऱ्या पुरुषांनी ध्यानात ठेवावे. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडते, तेही टाळावे.

डॉक्टरांकडे कधी?

प्रवासानंतरची मानदुखी बहुधा विश्रांती, शेक आणि हलक्या व्यायामाने आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते. पण प्रत्येक दुखणे बॅगेच्या माथी मारू नये. डावा खांदा किंवा हात दुखतो आणि सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर तो हृदयविकार असू शकतो. अशा वेळी तेल चोळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. हातातून वस्तू निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणे असू शकतात. दुखण्यासोबत ताप, वजन घटणे किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. मधुमेहींचा खांदा आखडत चालला असेल, तर साखरही तपासावी.

नवा लॅपटॉप घेण्याआधी एक काम घरीच करता येते. नेहमीसारखी भरलेली बॅग पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग बॅग उतरवून पुन्हा. दोन आकड्यांतला फरक कागदावर लिहावा आणि बॅगेतली एकेक वस्तू बाहेर काढून तिची गरज तपासावी. एवढे करूनही लॅपटॉप बदलावासा वाटला, तर दुकानात त्याचे वजन चार्जरसह विचारावे.