छायालेखकातलं वटवाघूळ

‘कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘कॉन्झर्व्हेशन’ या १२ अक्षरी इंग्रजी शब्दांतली अक्षरं तीच. व्ही आणि एस यांनी फक्त जागा बदलल्या. यात कसली आलीय करामत! खरी जोडी ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकायरॉप्टेरन’ यांची. पहिला छायालेखक, दुसरं फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या कुळातलं. दोन्हींत तीच १५ अक्षरं: ए, ई, आर दोनदा, उरलेली ९ एकेकदाच. पहिल्या शब्दाचे कात्रीने किमान १४ तुकडे करावे लागतात, तेव्हा कुठे दुसरा जुळतो. शेजारशेजारची एकच जोडी शाबूत राहते. योगायोग असा, की ही वटवाघळं अंधारात वाट काढताना मुख्यतः डोळ्यांवर विसंबतात, छायालेखकासारखीच! खात्री नसेल तर दोन्ही शब्द रोमन लिपीत लिहा आणि एकेक अक्षर खोडत जा.