पडण्यापूर्वीचा खर्च आणि पडल्यानंतरचा

घरातले वडीलधारे माणूस रस्त्याने चालत असते. बरोबरचा कोणी काही विचारतो आणि उत्तर देण्यासाठी ते माणूस जागच्या जागी उभे राहते. उत्तर देऊन झाले की पुन्हा चालू लागते. वयानुसार जडलेली एक लकब, यापलीकडे या थांबण्याला कोणी महत्त्व देत नाही. स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांना मात्र त्यात अर्थ दिसला. निवासी संस्थेत राहणाऱ्या ५८ वृद्धांना त्यांनी चालता चालता बोलते केले आणि कोण थांबते एवढेच टिपून ठेवले. १२ जण थांबले. पुढील सहा महिन्यांत या १२ जणांपैकी १० जण पडले. १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यासाठी ना यंत्र लागले, ना रक्ततपासणी. एक साधा प्रश्न पुरेसा ठरला.

चालणे हे केवळ पायांचे काम आहे अशी आपली समजूत असते. तरुणपणी ती बरीचशी खरीही असते, कारण त्या वयात पाऊल आपोआप पडते आणि मन अन्यत्र रमायला मोकळे राहते. वय वाढते तशी दृष्टी मंदावते, तळव्यांची संवेदना कमी होते, कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये दुबळी होतात, स्नायूंची शक्ती घटते. शरीराकडून मिळणारी ही माहिती अपुरी पडू लागली की मेंदूला प्रत्येक पावलावर जातीने देखरेख करावी लागते. अवधान ही मात्र मर्यादित पुंजी आहे. तिच्यावर एकाच वेळी दोन मागण्या आल्या की एकीची उपासमार होते. बोलण्यासाठी थांबणारा वृद्ध ही गोष्ट नकळत ओळखतो आणि एक मागणी तात्पुरती बाजूला सारतो. तो शहाणपणाच करतो. परंतु जगात सर्वत्र थांबण्याची सोय नसते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात सुटे पैसे, मागून रिक्षाचा भोंगा आणि समोरून येणाऱ्या बसचा क्रमांक वाचण्याची धडपड, अशा स्थितीतच पाऊल चुकते आणि खुब्याचे हाड मोडते.

सवय लावता येते काय?

हे दुहेरी काम उतारवयात शिकवता येते काय, या प्रश्नाचे एक उत्तर जिनिव्हातून आले. एमिल जॅक-डालक्रोझ (१८६५–१९५०) या संगीतशिक्षकाने विद्यार्थ्यांना ताल शरीराच्या हालचालींतून शिकवण्याची पद्धती तेथे रुजवली होती. संगीत ऐकत चालायचे, लय बदलली की चाल बदलायची, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. मूळ उद्देश संगीतशिक्षणाचा. वृद्धांचा विचार त्यात नव्हता. पुढे जिनिव्हातील वैद्यकीय संशोधकांनी पडण्याचा धोका असलेल्या, ६५ वर्षांवरील १३४ स्त्रीपुरुषांवर हीच पद्धती आजमावली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने सहा महिने, आठवड्यातून एकदा, एक तास पियानोच्या साथीने हे धडे गिरवले. दुसऱ्या गटाची पाळी नंतर आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकणाऱ्या गटातील पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी राहिले. चालताना दुसरे काम करावे लागले तरी त्यांची पावले अधिक समतोल पडू लागली होती. आठवड्याचा एक तास आणि एक पियानोवादक एवढ्याच भांडवलावर हा लाभ झाला, हे विशेष होय.

केवळ चालण्याचा व्यायाम पुरेसा का नाही, याचा खुलासा अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात झालेल्या एका लहानशा प्रयोगातून होतो. तोल ढळणाऱ्या काही वृद्धांना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास शिकवण्यात आले. काहींना नुसता तोल सांभाळण्याचे धडे मिळाले, तर काहींना तोल सांभाळताना मनाचेही काम करावे लागले. दुसऱ्या प्रकारातील काही जणांना आणखी एक सूचना होती : थोडा वेळ लक्ष पावलांवर ठेवा, थोडा वेळ मनातल्या कामावर. अवधान इकडून तिकडे वळवण्याचा हा सराव ज्यांना मिळाला, त्यांची प्रगती अधिक टिकाऊ ठरली. अवधानाची पुंजी वाढली की नाही हा प्रश्न वेगळा. तिची वाटणी करण्याचे कौशल्य मात्र वाढवता येते.

अशा वर्गाला साधनसामग्री जवळजवळ लागतच नाही. आधी सपाट जमिनीवर नुसते चालावे. मग चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करीत यावे, एखाद्या अक्षराने सुरू होणाऱ्या भाज्यांची नावे घ्यावीत, हाती पाण्याचा पेला घेऊन वळावे, टाळी वाजली की दिशा बदलावी. जवळ भिंत किंवा खुर्ची हवी आणि शेजारी सावध माणूस हवे. ज्यांना चक्कर येते वा जे नुकतेच पडले आहेत त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा सराव वर्गात करायचा असतो, रहदारीत नव्हे. रस्ता ओलांडताना बोलणे थांबवणे हेच केव्हाही श्रेयस्कर.

या पद्धतीकडून भलत्या अपेक्षाही बाळगू नयेत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांच्या पाहणीत, नियमित नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले, असे २००३ साली जाहीर झाले. तेव्हापासून नाचा आणि स्मृती राखा, असा प्रचार सुरू आहे. परंतु ज्यांचे मन आणि पाय धड होते तेच नाचत राहिले असण्याचा संभव आहेच. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू आहे. पावले सावरणे आणि पडणे टाळणे एवढा लाभ पदरात पडला, तरी तो लहान नाही.

हिशेब कोणाच्या वहीत?

तो किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांखालोखाल हेच कारण आहे. त्यात वृद्धांचा वाटा सर्वाधिक असतो. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ साली साठीपुढील माणसे सुमारे १४.९ कोटी होती; २०५० साली ती ३४.७ कोटींच्या घरात जातील. म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक वृद्ध असेल.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, देण्यात आले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेसाठी पैसा उभा राहतो. हाड मोडू नये म्हणून आठवड्याला एक तास शिकवणाऱ्याचे मानधन मात्र कोठल्याच खात्यात बसत नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात भौतिकोपचारालाही स्थान आहे. परंतु जो अजून पडलेला नाही, तो रुग्णालयाची पायरी कशाला चढेल?

शिवाय पडण्याचा खरा खर्च रुग्णालयाच्या बिलात मावत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी सून नोकरी सोडते, वडिलांसाठी मुलगी शिक्षण लांबणीवर टाकते. हा तोटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात कोठेच दिसत नाही. तो निमूटपणे सोसला जातो आणि बहुधा स्त्रीच तो सोसते.

ज्या देशात अजून बालकांचे कुपोषण हटलेले नाही, तेथे हे लाड कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. खर्च मोठा असता तर तो आक्षेप रास्त ठरला असता. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे पूर्वीपासून आहे. विरंगुळा केंद्रे आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, सुटीच्या दिवशी रिकामी राहणारी शाळेची सभागृहे आहेत. भौतिकोपचार महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अशा वर्गांवर पाठवणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होऊ शकेल. परकीय पियानोचीही गरज नाही. वारकऱ्यांची पावली पाहावी : हातात टाळ, मुखी अभंग आणि पाय मात्र लयीत पुढे-मागे. पूर्वजांना मेंदूशास्त्र अवगत होते असा दावा करण्याचे कारण नाही. ज्या तालावर इथल्या माणसांचे पाऊल सहज पडते तो ताल हाताशी आहे, इतकेच.

शासनापेक्षाही कठीण अडथळा घरात आहे. “आता तुम्ही बसा, आम्ही करतो,” हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते. त्या प्रेमापोटी आधी बाजाराची पिशवी काढून घेतली जाते, मग दुधाचा हिशेब, मग बँकेची खेप. पाय आणि मन दोन्ही एकदमच बेकार होतात, आणि बेकारीत कौशल्य टिकत नाही हे कामगारांच्या बाबतीत जितके खरे तितकेच वृद्धांच्या बाबतीतही. वडीलधाऱ्यांचा मान राखायचा तर त्यांच्या वाट्याचे काम त्यांच्याकडे राहू द्यावे, सोबत मात्र करावी. आणि पडलेल्या वृद्धासाठी लाखो रुपयांची तरतूद करणाऱ्या शासनाने, अजून उभा असलेल्या वृद्धासाठी आठवड्याच्या एका तासाची तरतूद करून पाहावी. पहिली तरतूद कमी लागावी यासाठी दुसरीइतका स्वस्त उपाय सध्या तरी दृष्टिपथात नाही.