आतून आलेला मुलामा

मुलामा म्हणजे वरून चढवलेला थर, असे आपण धरून चालतो. कोलंबियापासून पेरूपर्यंतच्या प्राचीन कारागिरांनी मात्र वरून काहीही न लावता तांबूस धातूला सोन्याची कांती आणली.

त्यांचा हा मिश्रधातू म्हणजे तुंबागा. त्यात सोने आणि तांबे असे, बहुतेकदा थोडी चांदीही. कोलंबसच्या 1498 च्या सफरीच्या नोंदींत अशाच 'ग्वानिन' धातूचा कस दिला आहे: 32 भागांत 18 सोने, 6 चांदी, 8 तांबे.

पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, म्हणून तो मधूनमधून लाल तापवावा लागतो. तापला की पृष्ठभागावरच्या तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन काळपट थर धरतो. सोने जसेच्या तसे राहते. पत्रा आम्लात बुडवला की काळा थर विरघळतो, म्हणजे हीण निघून जाते. पुन्हा ठोका, पुन्हा तापवा, पुन्हा बुडवा. दर फेरीला वरच्या काही मायक्रॉनमधले सोन्याचे प्रमाण वाढते. हा थर आधी सच्छिद्र, निस्तेज असतो. गुळगुळीत दगडाने घोटला की झळाळतो. चांदी इतक्या सहज हटत नाही. तिच्यासाठी मीठ आणि लोहयुक्त क्षारांचा लेप वापरत असावेत.

थंड करण्यातही कसब आहे. सोने-तांब्याचे काही मिश्रधातू सावकाश निवले, तर सुमारे 400 अंश सेल्सिअसखाली दोन्हींचे अणू ठरावीक रचनेत बसतात आणि पत्रा कडक, ठिसूळ होतो. तापलेला पत्रा पाण्यात बुडवला, तर अणूंना तेवढी सवडच मिळत नाही.

हे सारे सोने वाचवण्यासाठी? तसे असते तर तांब्यावर सोन्याचा वर्ख चढवणे स्वस्त पडले असते. इथे बरेचसे सोने आत अडकून राहते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या हेदर लेक्टमन यांच्या मते, अँडीजमध्ये वस्तूचे बाह्य रूप तिच्या अंतरंगातूनच यावे अशी धारणा होती. मला हे स्पष्टीकरण पटते.

संग्रहालयांना मात्र या कसबाचा वेगळाच ताप होतो. वस्तूला धक्का न लावता क्ष-किरणांनी कस पाहिला, तर मुख्यतः वरचा थरच मोजला जातो आणि सोने प्रत्यक्षाहून जास्त भरते. खरे प्रमाण कळायला वस्तूचा बारीक छेद घेऊन आतला गाभा तपासावा लागतो.