आपली खाडी, आपली वाट



आपला विजयदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी अशा बारा किल्ल्यांना मिळून हा मान मिळाला. म्हणजे किल्ल्यावर पाहुणे येणारच. पण किल्ल्याला येऊन मिळणारी आपली वाघोटण खाडी त्यांना कोण दाखवणार? आपण पुढे झालो नाही, तर उद्या बाहेरचा कोणी होडी लावेल, आपल्याच आजीची गोष्ट सांगेल आणि पैसे घेऊन जाईल. म्हणून या अंकात बघूया, खाडीचा वारसा म्हणजे काय आणि गटाने तो साजरा कसा करायचा.

खाडी म्हणजे जुना रस्ता

डांबरी रस्ते नव्हते तेव्हा माल आणि माणसं पाण्यानेच जायची. समुद्रापासून सुमारे ४० किलोमीटर आत असलेलं खारेपाटण हे एके काळचं मोठं बंदर. घाटावरचा माल तिथे उतरायचा आणि गलबतात चढायचा. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इ.स. १००८ चा आहे. परदेशातून येणाऱ्या जहाजांकडून देवस्थानासाठी सोन्यात कर घ्यावा, असं त्यात लिहिलंय. हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात किती दूरची जहाजं येत असतील, विचार करा! पुढे खाडीत गाळ भरत गेला आणि मोठी गलबतं यायची थांबली.

खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग. तिथून जवळच गिर्ये गावात खडक खोदून केलेली आरमाराची गोदी आहे, शंभर मीटरहून जास्त लांब. तिचं काम भरती-ओहोटीवर चालायचं. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं पडायचं, मग खालून डागडुजी करायची. ना पंप, ना क्रेन! आंग्रे आणि धुळप यांच्या आरमाराची जहाजं इथे दुरुस्त व्हायची.

त्यानंतरचा काळ मुंबईच्या बोटीचा. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीतून किनारा गाठायचा. हा प्रवास केलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. त्यांना आजच विचारा. त्या गेल्या की ती माहितीही गेली.

वारसा आपल्या घरातही आहे

दगडी बांधकाम तेवढा वारसा, असं समजू नका. ओहोटीला मुळे आणि तिसऱ्या कुठे मिळतात, कुठला मासा कधी येतो, मासे कसे सुकवायचे, जाळं कसं दुरुस्त करायचं, हे सगळं दर्यावर्दी ज्ञानच आहे. त्यातलं बरंचसं बायकांच्या हातात आहे.

भरतीचं गणितच घ्या ना. जुनी माणसं घड्याळाशिवाय सांगायची. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे बरं का. होडी काढताना बंदर कार्यालयातलं वेळापत्रकच धरायचं. पण पाहुण्यांना हे गणित सांगून बघा, बघतच राहतील!

गटाने काय करायचं?

१. गोष्टी गोळा करा. प्रत्येक सभासदाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी बोलून दोन पानं लिहावीत. होडीच्या भागांची नावं, जुने धक्के, हरवलेल्या वाटा. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज भरून घ्या.

२. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर कार्यक्रम करा. तेव्हा पाऊस असतो, म्हणून होडी नको. दर्याला नारळ वाहून झाल्यावर जुनी जाळी, वल्ही, फोटो मांडा. शाळेतल्या मुलांना बोलवा. गटाचा खाऊ आणि मसाल्यांचा स्टॉल लावा.

३. होडीची फेरी दिवाळीनंतर. सुरुवातीला तासाभराचीच ठेवा: धक्का, कांदळवन, लांबून किल्ला आणि परत. नंतर जेवण गटाच्या हातचं.

हे जमेल का, असं वाटतंय? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. वल्हीही त्याच मारतात आणि झाडांची माहितीही त्याच देतात.

सुरक्षा आधी

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. दर्यावर हयगय चालत नाही. म्हणून:

- होडीची नोंदणी, परवाना आणि विमा असल्याशिवाय एकही पाहुणा बसवू नका. चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात करा.
- प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवंच, आपल्याही. ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त नको, मग तो सरपंचांचा पाहुणा असला तरी!
- वारा वाढला की फेरी रद्द, पैसे परत.
- कांदळवनाची फांदीही तोडायची नाही. गोदीची साफसफाई करायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या.

हिशोब

फेरीचे पैसे गटाच्या खात्यात जमा करा. आधी होडीवाल्याचं भाडं आणि विमा, मग काम केलेल्या सख्यांची मजुरी, उरलेल्यातून थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला. हे ठराव वहीत पहिल्याच दिवशी लिहा, म्हणजे पुढे वाद होणार नाहीत.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. खाडीच्या दोन्ही काठांना बचत गट आहेत, पलीकडे राजापूर तालुक्यातही. ग्रामसंघामार्फत त्यांच्याशी बोला. पाणी एकच आहे, तर फेरीही मिळून करूया.